बाईंची पात

मुंबईच्या विमानतळावर निरोप द्यायला आलेल्या माणसांना काचेच्या अलीकडेच थांबवतात, हे मला तिथं पोचल्यावर कळलं. माय परभणीहून गाडीत बसून आली होती. तिला वाटलं होतं, एसटी स्टँडवर असतं तसंच इथंही असेल. मी आत जागा धरून बसेन, ती खिडकीखाली उभी राहील, गाडी हलली की दोन पावलं बरोबर चालेल. दारावरच्या पोलिसाला तिनं विचारलं, "साहेब, माझी लेक कोणत्या गाडीत बसणार हाय?" तो हसला नाही, चांगला माणूस होता. म्हणाला, "आजी, ते इथून दिसत नाही." माय तेव्हा आजी म्हणण्याच्या वयाची नव्हती. उन्हात राबलेल्या बायकांना लोक लवकर आजी म्हणायला लागतात.

मी आत गेले तरी ती काचेला नाक लावून उभी होती. एका हातात चपला. लादी इतकी चकचकीत होती की तिनं त्या काढूनच ठेवल्या होत्या.

प्रशांत, माझा नवरा, माझ्याआधी कुवेतला पोचला होता. तो नाशिकचा, पेट्रोकेमिकलमध्ये इंजिनीयर. त्यानं भाड्यानं घर घेतलं होतं बनेद अल-गारमध्ये. मायला ते नाव काही केल्या म्हणता येईना. फोनवर मी दहा वेळा सांगितलं, शेवटी तिनं आपलं आपण ठरवून टाकलं. गावात कुणी विचारलं की आजही सांगते, "आमची सुमी बनाघरात राहती." लोकांना वाटतं, मी कुठल्यातरी आमराईत राहते. इथं खिडकीतून टॉवर दिसतात, पार्किंगमधल्या गाड्या दिसतात, आणि दोन इमारतींच्या फटीतून समुद्राची एक पट्टी.

हे मी लिहितेय ते तुमच्यासाठी, जे असेच निघून इथं आलात, आणि जे काचेच्या पलीकडे राहिलात त्यांच्यासाठी तर जास्तच.

मी जाब्रियातल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते. सकाळपासून रक्त काढायचं, नळ्यांवर चिठ्ठ्या लावायच्या. सुई टोचताना मी "शुवय, शुवय" म्हणते, म्हणजे हळूहळू, जरा थांबा. अरबी बायका मला सिस्टर म्हणतात. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. माझे वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे आणि माय दुसऱ्यांच्या शेतात जायची. बीएस्सी झाले, मग लॅबचा कोर्स केला. मी हे सांगताना आवाज खाली करत नाही. पार्टीत कुणी आपल्या कॉन्व्हेंटचं नाव काढलं की मी माझ्या जिल्हा परिषदेच्या शाळेचं काढते. मग कुणीतरी बिर्याणीकडे वळतं.

आमची रेवा इथंच जन्मली. इथल्या इंडियन स्कूलमध्ये अकरावीला आहे. मराठी कळते सगळी, उत्तर येतं इंग्लिशमध्ये. मध्ये मध्ये अरबी "खलास" आणि "यल्ला". आता तुम्ही कुवेतवाले जाणताच, बारावी झाली की इथली मुलं उडतात. कुणी पुण्याला, कुणी बंगळूरला, कुणी थेट कॅनडाला. आपला इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, तो राहतो, मूल जातं. रेवाचंही पुण्याचं बोलणं घरात सुरू झालं होतं.

ती जायच्या आधी तिनं माझी शाळा बघावी असं मला फार वाटत होतं. आणि एक भीतीही होती, ती मी प्रशांतलाही नीट सांगितली नव्हती. पोरीला माझी कीव आली तर? गरिबी मला लपवायची नव्हती. पण ज्याची कीव येते ते माणूस आपल्याला खाली उभं असलेलं दिसतं. मी चढून आलेय. आयुष्यभर ती मला आठवणार ती कुठली, तर फाटक्या दप्तराची बिचारी मम्मा? ते मला सहन झालं नसतं.

तशी माझ्या शाळेची तिला निम्मी ओळख होतीच. बाईंच्या गोष्टी मी तिला लहानपणापासून सांगत आलेय. बाईंनी मला हाताला धरून शाळेत नेलं. माय शेतात गेलेली असायची तेव्हा बाई माझी वेणी घालायच्या. बाई आपल्या डब्यातली पोळी मला द्यायच्या. बाई नसत्या तर मी आज इथं नसते. रेवा ऐकून म्हणायची, "सो स्वीट ऑफ हर, मम्मा. यू वेअर सो लकी." मला बरं वाटायचं. म्हटलं, कळतंय पोरीला.

या हिवाळ्यात शाळेला सुट्टी लागली तेव्हा आम्ही निघालो.

आधी नाशिक. प्रशांतची शाळा गावात मोठ्या नावाची होती. त्याचा पहिला नंबर कधी आला नाही, पण घंटा द्यायचं काम त्याच्याकडे होतं, याचा त्याला पहिल्या नंबरापेक्षा जास्त अभिमान. गेलो तर तिथं काचेची इमारत, फाटकावर नवं नाव, पुढे इंटरनॅशनल जोडलेलं. वॉचमननं विचारलं, "कोणत्या डिव्हिजनचे पालक?"

"मी विद्यार्थी आहे," प्रशांत म्हणाला. "म्हणजे होतो."

"अपॉइंटमेंट?"

"अहो, मी इथं घंटा वाजवायचो."

"आता बझर आहे, सर," वॉचमन म्हणाला. अगदी समजुतीनं.

आत काही सोडलं नाही. प्रशांतनं फाटकाच्या गजांतून डोकं घालून बघितलं आणि रेवानं त्याचा तसाच फोटो काढला. तो म्हणाला, "ती तिसरी खिडकी दिसते ना, तिथं आमचा वर्ग." तिथं एसीचं खोकं होतं. गाडीत बसल्यावर रेवानं त्याच्या खांद्यावर थोपटलं, "पुअर बाबा." तो हसला. त्याचं ठीक आहे, त्याचे वडील पोस्टात होते, आई शिकलेली. त्याला 'पुअर' म्हटलेलं चालतं. मला मात्र चालणार नव्हतं. म्हटलं, उद्या माझी पाळी.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या गावी पोचलो. माय शाळेच्या कट्ट्यावरच येऊन बसली होती, नवं लुगडं नेसून. तिला शाळेशी काय देणंघेणं, ती कधी शाळेत गेली नाही. पण नात येणार म्हणून आली.

शाळा होती तिथंच होती. दोन खोल्यांच्या चार झाल्यात. भिंतीवर रंगीत फुलपाखरं, बाराखडी, एका खोलीत मोठा टीव्ही. एक तरुण गुरुजी होते, त्यांनी कौतुकानं सगळं दाखवलं. माझी खोली मात्र जुनीच होती, शहाबादी फरशीची. मी माझ्या जागेवर जाऊन बसले. मांडी घालून बसले खरी, उठताना प्रशांतचा हात लागला. पोरं हसली.

रेवा दारात उभी राहून बघत होती. "इट्स सो क्यूट," ती म्हणाली.

खरं सांगते, मला राग आला. कीव आली असती तर निदान भांडता आलं असतं. क्यूट म्हटल्यावर काय बोलणार.

मग तिनं विचारलं, "मम्मा, आणि तुझी बाई कुठं बसायची?"

'तुझी बाई' हे कानाला टोचलं, पण तिच्या मराठीत आदर नेहमीच सांडतो. तिच्या तोंडून आजीही 'तो' होतो कधी कधी. "तिथं समोर, खुर्चीवर," मी म्हटलं.

"ऑल डे?"

"मग? शाळा सुटेपर्यंत."

"वॉव," ती म्हणाली. "दॅट्स डेडिकेशन."

मला जरा धीर आला. म्हटलं, काहीतरी पोचतंय.

बाई आता तालुक्याला मुलाकडे राहतात. आडनाव धारूरकर, पण आमच्या गावात नुसतं बाई म्हटलं की त्याच, कारण शाळेत बाकी सगळे गुरुजी. त्या अंबाजोगाईच्या, शहरात वाढलेल्या. आमच्या गावात बदलून आल्या आणि रिटायर होईपर्यंत तिथंच राहिल्या. मायही आमच्याबरोबर गाडीत बसली. वाटेत मी रेवाला म्हटलं, "हे बघ, बाईंशी मराठीत बोलायचं. त्यांना बरं वाटेल. आणि पाया पडायचं." ती मान हलवून खिडकीकडे वळली. ओठ हलत होते. वाक्याची जुळवाजुळव चालली असणार.

बाई पलंगावर बसल्या होत्या, पाठीला उशी, डोळ्यांवर जाड चष्मा. मी वाकले तर माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "सुमन. चालण्यावरून ओळखलं. अजून पाय आपटत चालतेस."

"हो बाई."

"आणि वजन वाढलंय. तिकडं चालत नाही का कुणी?"

"उन्हाळ्यात नाही चालता येत, बाई. भाजतं."

"कारणं सांगायला शिकलीस. शाळेत असताना सांगत नव्हतीस." मग प्रशांतकडे बघून, "आणि हे? तेलात आहेत ना?"

"तेलातच," प्रशांत म्हणाला.

"मग बरंय, गंजणार नाहीत."

मायनं पलंगाखाली बसकण मारली. वर बसा म्हटलं तरी बसेना. बाईंची सून चहा ठेवून गेली. मी रेवाला कोपरानं ढोसलं. ती पुढं झाली, बाईंच्या पाया पडली, ताठ उभी राहिली आणि पाठ केलेलं वाक्य तिनं एका दमात म्हणून टाकलं.

"तुम्ही मम्माच्या घरी काम करायचे ना, त्याच्यासाठी थँक यू. तुमच्यामुळे मम्मा शिकली."

प्रशांतला ठसका लागला. मला आधी कळेचना पोरगी काय बोलली, आणि कळलं तेव्हा कानापर्यंत गरम झालं. आमच्याकडे कुवेतला शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, कामाला बाई येते, आंध्रची. "बाई आली का", "बाईला चावी दे", हेच शब्द रेवाच्या कानावर जन्मापासून. शिकवणाऱ्या तिच्या त्या मॅम, मिस. सोळा वर्षं मी तिला बाईंच्या गोष्टी सांगितल्या आणि सोळा वर्षं ती एका मोलकरणीच्या गोष्टी ऐकत आली. वेणी घालणारी, पोळी भरवणारी, शाळेत पोचवून दिवसभर खुर्चीवर वाट बघत बसणारी.

मी घाईघाईनं म्हटलं, "बाई, तिचं मराठी जरा..."

"मला ऐकू येतं गं," बाई म्हणाल्या. त्या रेवाकडे बघतच नव्हत्या. त्या मायकडे बघत होत्या. "तुम्ही सांगितलंत हिला?"

"मी न्हाई बाई," माय म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "लेकराची आण. कुणालाच न्हाई सांगितलं मी."

"मग हिला कसं कळलं?"

"काय कळलं?" मी विचारलं.

माय लुगड्याचा काठ बोटांत फिरवायला लागली. बाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"आता सांगा," त्या मायला म्हणाल्या. "पोरीनं दार उघडलंच आहे तर."

मायनं सांगितलं ते असं. तिच्याच बोलीत लिहिते, कारण माझ्या मराठीत ते बसत नाही.

"तू सातवीला व्हतीस. स्कॉलरशिपची परीक्षा व्हती तालुक्याला, रविवारची. आन् हरभरा काढायला आलेला. म्या दोन पाती सांगितल्या व्हत्या, एक माझी, एक तुझी. मालक म्हणला, एक जरी कमी आली तर उद्यापून दोघीबी येऊ नका. तुझ्या बापाची तवा कंबर धरल्याली, जिनिंगला जाणं बंद. मग म्या शनवारी शाळेत गेले आन् बाईला सांगितलं, सुमी येत न्हाई परीक्षेला. बाई म्हणल्या, तिची पात मी धरते. मला वाटलं चेष्टा करायल्या."

शेतात काढणीला बाया ओळीनं बसतात, प्रत्येकीच्या वाट्याला एक पट्टा असतो, त्याला पात म्हणतात. आपली पात आपण संपवायची. मागं राहिलेल्या बाईला बाकीच्या बोलून बोलून रडवतात.

"आन् आल्या की वं सकाळी," माय म्हणाली. "डोईवर पदर घिऊन. बाया हसायल्या फिदीफिदी. दवात हरभऱ्याला आंब असती, हात भाजतेत. आमचे हात ते, काय होत न्हाई. ह्येंची बोटं दुपारलाच सोलली. म्या म्हणलं, बाई, उठा, पाया पडते. उठायला तयारच न्हाईत."

"खोटं नका सांगू," बाई म्हणाल्या. "उठले होते की एकदा. पाणी प्यायला." मग माझ्याकडे वळल्या. "माझी पात सगळ्यात मागं. त्या बायांनी मला जे काय ऐकवलं ते तुला सांगत नाही. तुझ्या मायनं आधी तिची उपटली आणि वळून येऊन अर्धी माझी. तेव्हा कुठं संध्याकाळी सुटका झाली."

मी चहाचा कप हातात धरून बसले होते. मला तो रविवार लख्ख आठवत होता. परीक्षेला आम्हाला जीपनं गुरुजी घेऊन गेले होते. बाई येणार होत्या, आल्या नाहीत. ताप आलाय, असं सांगितलं होतं. मला फार लागलं होतं ते. सगळ्यांत जास्त अभ्यास माझ्याकडून करून घेतला आणि ऐन दिवशी आल्या नाहीत. त्यानंतरचा आठवडाही आठवला. बाईंनी खडू हातात धरला नव्हता. फळ्यावर लिहायला त्या मला उठवायच्या, तारीख, सुविचार, गणितं, सगळं. मला वाटलं, पेपर चांगला गेला म्हणून हा मान. मी वर्गात काय मिरवले होते. परवापर्यंत मिरवत होते. कुवेतच्या मैत्रिणींना सांगितलंय मी, सातवीत फळा माझ्याकडे होता.

"वेट," रेवा म्हणाली. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा बाईंकडे. "सो शी वॉज युअर टीचर?"

आधी माय हसली. मग बाई हसल्या, पोट धरून, मग चष्मा शोधायला लागल्या. प्रशांत तर उठून दारात गेला. रेवाचा चेहरा लाल झाला. "आय ॲम सो सॉरी. मम्मा नेहमी बाई म्हणायची, आय थॉट... म्हणजे मला वाटायचं, तुम्ही लोक रिच होते. तुमच्याकडे बाई होती ना."

मी आयुष्यात इतकी कधी हसले नसेन. सोळा वर्षं मी कीव येईल म्हणून धास्तावलेली, आणि माझी लेक मला नोकरचाकरांच्या घरातली समजत होती.

"चुकलं कुठं तिचं?" बाई म्हणाल्या. त्यांनी रेवाला पलंगावर शेजारी बसवलं. "केलंय मी तुझ्या आजीकडे काम. एकच दिवस केलं, पण काम फार वाईट केलं. पुन्हा कुणी बोलावलं नाही."

रेवानं त्यांचा हात हातात घेतला आणि उलटा करून बघायला लागली. आता त्यावर काय दिसणार होतं. म्हातारीचा हात, शिरा वर आलेल्या. पण ती बराच वेळ बघत राहिली आणि बाईंनी बघू दिलं.

निघताना मी वाकले तेव्हा मला बोलायचं होतं, पुष्कळ. बाईंनी ओळखलं. "भाषण नको," म्हणाल्या. "तू पास झालीस, तिथंच ते संपलं."

परतीच्या वाटेवर रेवानं गाडी थांबवायला लावली. रस्त्याच्या कडेला हरभरा उभा होता, अजून हिरवा, घाटे नुकते धरलेले. ती बांधावरून उतरली, पाल्यावरून हात फिरवला आणि बोट चाटलं. तोंड वाकडं केलं. "इट्स सो सावर," म्हणाली, आणि परत चाटलं. प्रशांत तिच्यामागं गेला, दोघं बापलेक बांधावर उभे राहून पानं चाटत होते.

मी आणि माय गाडीपाशी उभ्या राहिलो.

"माय, इतक्या वर्षांत एकदाही नाही सांगितलंस," मी म्हटलं.

"बाईनं आण घातली व्हती."

"ती मी पोर होते तोवर. नंतर सांगायचंस. माझं लग्न झालं, नोकरी लागली, तेव्हा तरी."

माय शेताकडे बघत होती. "कामून सांगू? तुला ठावं असतं तर तू गेली असतीस का? तुझा सोभाव मला ठावं न्हाई व्हय. बाईच्या पायाशी बसून ऱ्हायली असतीस. इथंच कुठंतरी शाळेवर लागली असतीस, त्यांच्या डोळ्यापुढं. आन् माझ्याबी." मग जरा थांबून म्हणाली, "मला काय वाईट वाटलं नसतं, तू जवळ ऱ्हायली असतीस तर. पर तुला जायचं व्हतं. दिसत व्हतं मला."

तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, जसा बैलावरून फिरवतात तसा, खालपर्यंत. "चल, लेकराला हाक मार. जास्त खाऊ दिऊ नको, पोट दुखंल."

सुट्टी संपली, आम्ही परत आलो. विमानतळावर बताका, म्हणजे इथलं ओळखपत्र, दाखवून बाहेर पडलो तर तीच गार वाळूच्या वासाची हवा. दुसऱ्या दिवशी मी ड्युटीवर, प्रशांत कंपनीच्या बसमध्ये, रेवा शाळेत. फ्रिज रिकामा होता म्हणून संध्याकाळी खालच्या बकाल्यातून, म्हणजे वाण्याकडून, दूध आणि खुबूसच्या रोट्या आणल्या. अगदी नेहमीसारखं.

त्या शुक्रवारी सकाळी मी आणि रेवा समुद्रावर चालायला गेलो. आमच्या घरापासून दस्मानच्या बाजूला किनाऱ्यानं रस्ता जातो, हिवाळ्यात छान असतो. ती माझ्या पावलाशी पाऊल जुळवत चालत होती. मग मराठीत म्हणाली, एकेक शब्द शोधत, "मम्मा, मी पुण्याला गेल्यावर तुला बोअर होईल?"

तिला बोअर म्हणायचं नव्हतं. हवा होता तो शब्द तिच्याकडे नाही. पण मला कळलं. ज्या किवेची मला भीती वाटत होती ती शेवटी आलीच होती, फक्त वाट चुकून दुसऱ्याच कुणापाशी. शाळेतल्या सुमनची नव्हती ती. इथं मागं राहणाऱ्या मम्माची होती. आणि मी हो म्हटलं असतं, नुसता आवाज जरा बदलला असता, तर ही पोरगी गेली नसती. इथंच काहीतरी शोधलं असतं तिनं. माझ्यावरच गेलीय.

"बोअर कशानं होईल?" मी म्हटलं. "ड्युटी आहे, बाबा आहेत. माझे निम्मे शुक्रवार तुझी खोली आवरण्यात जातात. तेवढे वाचतील."

"पक्का?"

"पक्का."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. मी समुद्राकडे बघत होते. लॅबमध्ये रोज इतक्या लोकांना दुखणार नाही म्हणून सांगते, चेहरा सांभाळायला शिकलेय मी. तिला पटलं. खांदे सैल झाले तिचे, चालण्यात पुन्हा ती नेहमीची उडी आली.

तुम्ही मला आधी विचारलं असतंत, घर कुठलं, तर मी गावाचं नाव सांगितलं असतं, लगेच, विचार न करता. आता तसं होत नाही. जिथल्या माणसांनी आपल्याला हलकं करून पाठवलं, आणि ते पाठवणं त्यांना केवढ्याला पडलं हे आपल्याला कळू दिलं नाही, ते आपलं घर, असं मला वाटायला लागलंय. माझ्यासाठी ते परभणीकडं होतं. रेवासाठी ते इथं असेल, बनेद अल-गारच्या या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, आणि ते तसं ठेवणं आता माझ्याकडे आहे. तुमच्यापैकी ज्यांची मुलं गेलीत त्यांना हे माहीत असणार. आपण एकमेकींना सांगत नाही, एवढंच.

रेवा बरीच पुढं गेली होती. वारा समोरून होता, तिनं वळून हाक मारली, "मम्मा, चल ना."

"तू हो पुढं," मी म्हटलं.